उजवीकडे वळलेली घडी

सैल पडलेल्या कॅनव्हासला वारा लागला की तो धपाधप वाजतो. भर रस्त्यात वाजला तर जरा जास्तच. त्या दुपारी मी फुटपाथवर उभी होते, माझ्या खांद्याला लागेल एवढं चित्र दोन्ही हातांनी धरून, आणि ते माझ्या हनुवटीखाली वाजत होतं. डोळ्यांत पाणी होतं. कोणी विचारलंच तर वाऱ्यावर ढकलायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

“कोणाला बडवताय?”

मी वळून पाहिलं. अर्ध्या उघड्या शटरखाली एक जण चहाचा कप घेऊन उभा होता. उंच, जरासा वाकलेला, आणि केसांत, भुवयांत, शर्टावर, सगळीकडे कापडाचे पांढरे धागे.

“कोणाला नाही. चित्र आहे.”

“ते दिसतंय हो. आवाजावरून वाटलं, कोणी गादी झटकतंय.” तो हसला नाही, पण डोळे हसले. “आत या. नाहीतर चित्रासकट उडाल.”

“मी काही उडणाऱ्यातली नाही.”

“मग चित्राला तरी आत पाठवा.”

तेवढ्यात माझी नजर शटरवरच्या पाटीवर गेली आणि पाय जागीच थबकले. ‘कॅनव्हास ओढून मिळेल. मशीनवर. दहा मिनिटांत.’ ही पाटी लागल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, माझे बाबा या रस्त्यानं जात नव्हते. समोरच्या बँकेत काम असलं तरी मागच्या गल्लीतून वळसा घालून जात.

कारण बाबांचा धंदा हाच. फक्त हातानं. चित्रकार आपलं चित्र गुंडाळी करून आमच्याकडे आणतात. बाबा लाकडी पट्ट्यांची चौकट करतात, कापड तिच्याखाली पालथं अंथरतात, रुंद तोंडाच्या पकडीनं ओढतात आणि मागच्या बाजूनं बारीक खिळे मारतात. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक, मग तिथून कोपऱ्यांकडे, एक अलीकडे तर एक पलीकडे. बत्तीस वर्षं हेच. बाबांच्या हातच्या कापडाला टिचकी मारली की ते घुमायचं.

आता घुमत नव्हतं. वर्षभरात बाबांच्या हाताची पकड कमी होत चालली होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. पूर्वीइतकाच जोर लागायचा, पूर्वीइतकाच घाम यायचा, त्यामुळे कापडही तेवढंच ताणलं गेलं असं त्यांना वाटायचं. दुकानात चित्र ठीक दिसे. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर ते मधोमध पोट सोडून बसे.

त्या दिवशी चित्रकार बाईंनी चित्र परत दिलं होतं. बाई सत्तरीच्या, बाबांच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. “हे तिसरं गं,” त्या दारातच म्हणाल्या होत्या. “मला काही त्यांना सांगवत नाही. तू सांग.” मला तरी कुठे सांगवणार होतं? बाबांनी मला सगळं शिकवलं, पण गिऱ्हाइकाचं चित्र कधी ओढू दिलं नाही. मी मापं घ्यायची, पट्ट्या जोडायच्या, पोचवून यायचं. “ओढायला मी आहे ना अजून,” म्हणायचे. त्या ‘अजून’वर त्यांचं सगळं उभं होतं.

मी आत गेले.

त्यानं चित्र पालथं केलं आणि खिळ्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. “हातानं ओढलंय. कोणी?”

“मी,” मी म्हणाले. बाबांचं नाव या छपराखाली निघू नये, एवढंच तेव्हा सुचलं.

“खिळे सुरेख मारता हो. हातात मात्र जोर नाही तुमच्या.”

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

मशीन म्हणजे एक मोठं लोखंडी टेबल. चारी कडांना जबडे. त्यानं खिळे उपटले, कापडाच्या कडा जबड्यांत दिल्या, पायानं कळ दाबली. फुस्स करून हवा भरली आणि चारी जबडे एकदमच, एकसारखे, मागे सरकले. बाईंच्या चित्राचं पोट बघता बघता नाहीसं झालं. मला ते आवडलं. आणि आवडलं म्हणून स्वतःचा रागही आला.

तो पिना मारायची बंदूक उचलणार, तोच मी ओरडले. “पिना नकोत! खिळेच हवेत. जिथे होते तिथेच.”

“का?”

“आणि कोपऱ्याची घडी डावीकडे वळवायची. तुम्ही उजवीकडे वळवत असाल.”

“सगळं जग उजवीकडे वळवतं.”

“आमच्याकडे डावीकडे.” बाबा डावखुरे आहेत हे सांगायची सोय नव्हती. चित्र कधीकाळी दुकानात परत आलंच, तर बाबांना त्यांचेच खिळे आणि त्यांचीच घडी दिसायला हवी होती.

त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझ्याकडे हातोडा नाही.”

शेजारच्या कुलूपवाल्याकडून हातोडा मागून आणला. जुन्या भोकात खिळा धरत नाही, केसभर बाजूला मारावा लागतो, हे मी त्याला शिकवलं. तिसऱ्या खिळ्याला त्यानं स्वतःचा अंगठा ठेचला. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला आणि निघताना मी पैसे पुढे केले, तर अंगठा तोंडात धरून त्यानं नुसती मान हलवली.

“पुढच्या खेपेला द्या,” तो म्हणाला.

“पुढची खेप नाही येणार.”

आली. दहा दिवसांतच आली.

मग तो परिपाठच झाला. बाबा चित्र ओढत, मी पोचवायला म्हणून निघे, आणि वाटेत त्याच्या शटरखाली वाकून आत शिरे. मी त्याला ‘मशीनवाले’ म्हणायची. तो मला ‘ओढकाम बाई’ म्हणायचा, मुद्दाम, मला राग येतो म्हणून. मशीन त्याच्या मामाचं होतं, दुकानही. दिवसाला ऐंशी नग निघत, बहुतेक हॉटेलांच्या भिंतींसाठी छापलेली फुलं. “घरी गेल्यावर आठवून बघतो,” तो एकदा म्हणाला, “एकही आठवत नाही. तुमची मात्र सगळी आठवतात.”

“माझी... की चित्रं?”

“तुमची चित्रं,” तो घाईघाईनं म्हणाला आणि जबडे पुसायला लागला. ते पुसलेलेच होते.

पाचव्या खेपेला वीज गेली. बाहेर पाऊस झिमझिमत होता. हवा सुटली, जबडे उघडले आणि कापड मोकळं होऊन टेबलावर पसरलं. बाबा पाऊण तासानं घड्याळाकडे बघायला लागतात. मग मी पिशवीतून माझी पक्कड काढली, शटरजवळच्या उजेडात चौकट ओढली आणि वाकले.

दीड तास लागला. तो समोर उभा राहून खिळे देत होता. शेवटचा खिळा झाल्यावर त्यानं कापडावर तळवा ठेवला.

“हे तुम्ही ओढलंत.”

“बघितलंत ना डोळ्यांनी?”

“मग आधीची चार तुमची नव्हती.” आवाज अगदी खाली होता. “या हाताचं कापड सैल पडायचं नाही. कोणाची आहेत ती?”

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच बाहेर पडलं. सगळं सांगितलं. बाबांचा हात, बाईंचा निरोप, ते ‘अजून’... त्यानं मला गप्प केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. स्टूल तेवढं पुढे सरकवलं आणि पाऊस आत येत होता म्हणून शटर हातभर खाली घेतलं.

“म्हणजे तो तिरका खिळा बाबांचा,” तो म्हणाला.

“कुठला तिरका?”

त्यानं दाखवलं. मधल्या खिळ्यापासून डावीकडचा दुसरा. प्रत्येक बाजूला, प्रत्येक चित्रात, जरासा कलता. “मला वाटलं, यात काहीतरी खुबी असणार. मीही तसाच मारतो.”

जन्मापासून मी बाबांचं काम बघत आले. मला तो खिळा कधी दिसला नव्हता. आणि या माणसानं, ज्याचं बाबा नावही ऐकून घेत नव्हते, तो चार चित्रांत हेरला होता. कशाला आडवळणं घ्या... त्या घटकेला मला तो आवडला. उशीर का झाला म्हणून बाबांनी विचारलं तेव्हा मी पावसावर ढकललं, आणि लाल झालेला चेहरा पट्ट्यांच्या ढिगाकडे वळवला.

सात महिने गेले. चित्रांची संख्या एकोणीस झाली. एकोणिसावं बाईंचंच होतं, पिवळ्या भिंतीपाशी एक रिकामी खुर्ची. तो शेवटच्या कोपऱ्याशी होता, मी समोर उभी राहून खिळे देत होते. आता अंगठा ठेचायचा नाही त्याचा.

“मला एक विचारायचंय.”

“विचारा की.”

“तुम्ही इथे येता, ते मशीनसाठीच?”

“दुसरं काय आहे इथे? चहा तर भिकार असतो तुमचा.”

“चहा बदलला तर?”

“तर चहासाठीही येईन.”

“आणि समजा... माणूस—”

तो थांबला. हातोडा हातातच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या हातातले खिळे मुठीत रुतत होते, तरी मूठ सोडवत नव्हती.

“नको,” तो म्हणाला. “असं नको. एकीकडे मी तुमच्या बाबांना फसवतोय आणि दुसरीकडे त्यांच्या मुलीला हे विचारतोय. आधी त्यांना सांगा. मग मी येतो घरी. हाकललं तर हाकललं.”

“सांगितलं तर ते संपतील.”

“आणि नाही सांगितलं तर आपण.”

‘आपण’ हा शब्द त्यानं पहिल्यांदाच वापरला होता. बोलता बोलता त्यानं शेवटची घडी घातली, खिळा मारला, चित्र कागदात गुंडाळलं. त्या कोपऱ्याकडे ना त्यानं पाहिलं, ना मी. दिवसातून ऐंशी वेळा त्याचे हात जे करत, ते करून मोकळे झाले होते.

मी बाबांना सांगितलं नाही. तीन आठवडे सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची आणि बाबा बाह्या सरसावून कामाला लागले की मी मापं घ्यायला वळायची. मशीनच्या रस्त्यानंही गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

मग एका सकाळी बाई ते खुर्चीचं चित्र घेऊन आल्या. टांगायची तार बदलून हवी होती. चित्र ठेवून त्या बाजारात गेल्या. बाबांनी ते टेबलावर पालथं केलं, तार कापली, आणि सवयीनं चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत गेले. चौथ्या कोपऱ्यावर अंगठा थांबला.

“हा कोपरा कोणाचा?”

माझ्या हातातली मापाची पट्टी सुटली. “माझा.”

“तुझा नाही.” ते शांतपणे म्हणाले. “तू डावखुऱ्याकडून शिकलीस. उजव्या हाताची असून घडी डावीकडेच घालतेस. ही उजवीकडे वळलीय.” त्यांनी चष्मा लावला आणि खिळे बघत गेले. प्रत्येक खिळ्याशेजारचं जुनं भोक बघत गेले. मग चष्मा काढून ठेवला. “किती?”

“बाबा...”

“किती चित्रं?”

“एकोणीस.”

“बाईंना माहीत होतं? सैल पडतात ते?”

मी होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे मलाच तेवढं माहीत नव्हतं,” बाबा म्हणाले.

मग कोणाकडे नेत होते, तेही मी सांगितलं. ते ओरडतील, काहीतरी आपटतील, अशी मी तयारी केली होती. त्यांनी नवी तार लावली, गाठ मारली, चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. हात धुतले. आणि वर घरात निघून गेले.

तीन दिवस ते खाली दुकानात आले नाहीत. खिडकीपाशी बसून राहत, डावा हात गुडघ्यावर. मूठ वळायची, सोडायची. पुन्हा वळायची. मी जेवायला हाक मारली की जेवत. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

“चुकलं माझं, बाबा.”

“तू मला म्हातारं होऊ दिलं नाहीस,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मला न विचारता.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून... मायेपोटी केलं, बाबा.”

“माहीत आहे ते. म्हणून तर राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.” त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. हलका लागला. इतका हलका, की मी तोंड त्यांच्या गुडघ्यात खुपसून रडले आणि तेही रडले. मोठ्या माणसाचं रडणं मी त्याआधी एवढ्या जवळून ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते बूट घालून दारात उभे होते.

“चल. दाखव ते मशीन.”

आम्ही मोठ्या रस्त्यानं गेलो. शटरपाशी बाबा थांबले, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि वाकून आत शिरले. तो छापील फुलं ओढत होता. मला पाहून चेहरा उजळला, आणि माझ्या मागे कोण आहे ते लक्षात येताच पार उतरला. कळीवरचा पाय त्यानं मागे घेतला.

“खिळे तुम्ही मारलेत?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“हो. पहिले काही वाकडे गेले होते, ते काढून पुन्हा मारले.”

“दुसरा खिळा तिरका का?”

“तुमचा तिरका असतो. म्हणून.”

बाबांनी डावं मनगट पुढे केलं आणि वळवून दाखवलं. एका जागी ते अडलं. “इथे दुखतं. चौदा वर्षं झाली. पुढे वळत नाही, म्हणून खिळा कलतो. ते माझं दुखणं आहे. ते कशाला उचललंत?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “मला ते कसब वाटलं,” तो कसाबसा म्हणाला. “माफ करा. मला खरंच... कसब वाटलं.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं दुखत होतं आणि घरात मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी टेबलाकडे हात केला.

“चालवा.”

त्यानं मशीन चालवलं. फुस्स... चारी जबडे मागे गेले. बाबांनी वाकून कापडाचे धागे बघितले, सरळ होते. टिचकी मारली, घुमलं. दुसरं लावायला सांगितलं, तेही बघितलं. तिसरं बघितलं.

“चांगलं ओढतंय,” ते म्हणाले. “वाईट असेल असं वाटलं होतं मला. वाईट असतं तर सोपं गेलं असतं.” मग खिशातून रुमाल काढून हात पुसले, हात कोरडेच होते. “तुमच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, सहा फुटांपुढचं काम घेत नाही.”

“मशीनवर मावत नाही.”

“बाईंचं नऊ फुटी आलंय आमच्याकडे. मोठ्याला दोघं लागतात, समोरासमोर. उद्या सकाळी दुकानात या.” दाराशी जाऊन ते वळले. “तुमचे हात मऊ आहेत. फोड येतील.”

दुसऱ्या दिवशी तो आठलाच हजर. शर्टावर एकही धागा नव्हता, आणि तो मला अनोळखीच वाटला. बाबांनी त्याच्या हातात जुनी पक्कड दिली. हे काम ते आणि आई मिळून करायचे. आई गेल्यावर बाबांनी मोठी चित्रं घेणंच बंद केलं होतं; हे त्यानंतरचं पहिलंच.

“मी बसतो,” बाबा म्हणाले आणि खरंच बसले. आजवर दुकानात त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. “दोघांनी एका वेळी ओढायचं. समोरचा किती ओढतोय ते बघायचं नाही, हाताला लागतं. तिनं ओढलं तेवढंच तुम्ही.”

नऊ फुटी कापड आमच्यामध्ये पालथं पसरलं होतं. पहिल्याच ओढीला त्यानं अंगातला सगळा जोर लावला आणि कापड सरकन त्याच्या बाजूला गेलं. मीही दोन पावलं सरकले.

“ओढून नेताय तिला,” बाबा म्हणाले. “रस्सीखेच नाही ही. पुन्हा.”

पुन्हा सरकलं. तिसऱ्यांदा त्यानं इतकं जपून ओढलं की कापड माझ्याकडे आलं. “घाबरताय काय एवढे?” मी म्हणाले.

“तुम्हाला नाही. तुमच्या बाबांना.”

“मी इथेच आहे,” बाबा म्हणाले. “ऐकू येतं मला.”

पाचव्या की सहाव्या वेळेला जमलं. माझ्या पकडीत कापडाला ताण आला आणि थांबला, ना त्याच्याकडे गेला, ना माझ्याकडे. पलीकडून तो नेमका तेवढाच ओढत होता. माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत ते मला कळत होतं. सात महिने मी त्याचे डोळे, बोटं, चहाचा कप धरायची तऱ्हा, सगळं चोरून पाहिलं होतं. पण तो किती सांभाळून वागणारा आहे ते मला त्या ताणात कळलं.

“मला लग्न करायचंय तुमच्याशी,” तो म्हणाला.

माझी पक्कड सुटता सुटता राहिली. “आत्ता?”

“हात मोकळे असले की मला बोलता येत नाही. मी खूप वेळा प्रयत्न केलाय.” कपाळावरून घाम त्याच्या भुवयांत उतरत होता. “त्यांच्यासमोरच विचारायचं होतं. तुमचं उत्तर नाही असेल तरी चित्र पुरं करून जाईन.”

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, ते कापडातून त्याच्या हाताला लागत असणार.

“आधी तो खिळा मारा,” बाबा म्हणाले. “कापड ताटकळलंय.”

आम्ही खिळा मारला. मग पुढचा. मी उत्तर दिलं नाही, त्यानं पुन्हा विचारलं नाही. कोपऱ्यांपाशी पोचेपर्यंत त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. एकही खिळा तिरका नव्हता. दुपारी आम्ही तिघांनी मिळून चित्र उभं केलं आणि बाबांनी उठून त्याला टिचकी मारली. तो आवाज ते डोळे मिटून ऐकत राहिले.

तेवढ्यात बाई आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या, मागे झाल्या, पुन्हा जवळ आल्या. तळव्यानं कापड हळूच दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“पूर्वीसारखं झालंय अगदी. तुमच्याच हातचं ना हे?”

बाबांनी ‘हो’ म्हटलं असतं तर आम्ही दोघांनी हूं की चूं केलं नसतं. बाईंनीही केलं नसतं. तेवढ्यासाठीच त्यांनी विचारलं होतं, मला कळत होतं ते. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा बाबा... एवढं एकदा म्हणून टाका.

“नाही, बाई,” बाबा म्हणाले. आवाज जरा कापला, मग नीट लागला. “मला आता जमत नाही.”

बाईंनी डोळ्यांना पदर न लावता सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“ही माझी मुलगी,” बाबा पुढे म्हणाले, जणू बाई मला ओळखतच नव्हत्या. “इथून पुढे ओढकाम हिचं. आज अर्धं हिनं केलंय. अर्धं यांनी.” त्यांनी त्याच्याकडे हात केला आणि अडखळले. “हे... हे आपले कोण, ते तीच सांगेल.”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. तो फोड आलेले हात मागे लपवून उभा होता. बाबांना जे म्हणायला बत्तीस वर्षांचा अभिमान गिळावा लागला, ते त्यांनी एका दमात म्हटलं होतं. माझ्याजवळ गिळण्यासारखं होतंच काय? सात महिन्यांचा लपंडाव तेवढा.

“मी यांच्याशी लग्न करणार आहे,” मी म्हणाले. “मला हे फार आवडतात. त्या पावसाच्या दिवसापासून.”

एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत तो नुसता उभा राहिला. बाई मटकन टेबलाच्या कडेला टेकल्या. बाबांनी स्वतःचं स्टूल उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

“बसा बाई,” ते म्हणाले. “लग्नाची बोलणी आहेत, आता जरा वेळ लागेल.”